पाटीवरची तारीख

सन्माननीय अध्यक्षमहाराज, आरोग्य समितीचे चिटणीससाहेब, शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई, दवाखान्याचे मोठे डॉक्टर, त्यांच्या शेजारी मान खाली घालून बसलेले माझे यजमान म्हणजे तुमचे दातांचे डॉक्टर, आणि समोर जमलेल्या ताई-दादा, काका-मावश्यांनो, आपणा सगळ्यांना माझा नमस्कार.

माईक जरा खाली करता का कुणी? डॉक्टरांच्या उंचीला लावलाय. हां, असू दे. मागं ऐकू येतंय ना?

कार्यक्रमपत्रिकेत मी नाही. तिथं ‘सत्काराला उत्तर : डॉक्टर’ एवढंच छापलंय. मघाशी चिटणीससाहेबांनी आग्रह केला, वहिनींनीही दोन शब्द बोलावेत. आग्रहाबद्दल मनापासून आभार. पण दोन शब्दांत माझं व्हायचं नाही, हे आधीच सांगून ठेवते. गेले चौदा महिने मी या गावाची वहिनी आहे. आमच्या फिरत्या दवाखान्यात दात डॉक्टर काढतात आणि कवळ्या मी करते. माप घेणं, साचा ओतणं, मेणात दात लावून बघणं, घासणं, ‘इथं टोचतंय’ म्हटलं की पुन्हा घासणं, सगळं माझ्याकडे. या सभागृहात निदान साठ माणसं माझ्या हातच्या दातांनी हसताहेत. त्यातली तिघं व्यासपीठावर आहेत. नावं घेत नाही. तोंडावर हात ठेवू नका कुणी, त्यानंच ओळखू येतं.

तर आज फार गोड बोललात सगळे. मानपत्र वाचून दाखवलंत, पुष्पगुच्छ दिलात. चिटणीससाहेब म्हणाले, या कुटुंबाला काय कमी, यांचे गावोगावी मित्र. बाई म्हणाल्या, यांच्या मुलीचं भाग्य बघा, आपल्या मुलांना एक गाव माहीत, तिला एकतीस. टाळ्याही पडल्या. मी त्या टाळ्या ऐकत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. आता हसू नका. मी खरंच चिडलेली आहे आणि चिडूनच बोलणार आहे. डॉक्टर मला खुणेनं ‘आवर’ म्हणताहेत. पंधरा वर्षं आवरतेच आहे, आज थोडं पसरू द्या.

गावोगावी मित्र कसे होतात, ते सांगू? आपोआप होत नाहीत. गाडीत राहणाऱ्या माणसाला मैत्रीसुद्धा कामासारखी करावी लागते. नव्या गावात गाडी लागली की पहिल्याच दिवशी मी शेजारी जाऊन काहीतरी मागते. शिडी, हातोडी, मोठं पातेलं, काहीही. माझ्याकडे तिन्ही आहेत. पण दिलेली वस्तू आपली नीट आहे ना, हे बघायला माणूस चक्कर मारतो. चक्कर मारली की मी पायरीवर बसवून चहा देते. दुसरी चक्कर तो वस्तूसाठी मारत नाही. लबाडी म्हणा हवं तर. पण तुम्ही सगळे आपापल्या शाळेतल्या बाकांवर, आपापल्या जिन्यांवर मित्र मिळवून बसलेले. आम्हाला दर चार महिन्यांनी शून्यापासून सुरुवात, आणि तीही हसतमुखानं.

आणि टिकवायचे कसे? त्याला फोन आहे, सगळे म्हणतात. आहे की. गाव सोडलं की पहिले तीन महिने रोज मेसेज. मग आठवड्यानं. मग वाढदिवसाला. मग नुसता अंगठा. मी दर रविवारी सकाळी बसून फोन लावते, आळीपाळीनं, यादी आहे माझी. निम्मे लोक ‘कामात आहे, मग करते’ म्हणतात. त्यांचं चुकत नाही, त्यांच्यापुढे त्यांचा दिवस वाढून ठेवलेला असतो. एकतीस गावं झाली, चिटणीससाहेब, आणि ज्यांना मी आजारी पडले तर कळवावंसं वाटेल अशी माणसं चार आहेत. चार. तुमच्या भाषणात ती गावोगावी झाली.

आता मूळ मुद्द्यावर येते. आमच्या गाडीला बाहेरून, खिडकीखाली, एक पांढरी पत्र्याची पाटी आहे. ती तुम्ही सगळ्यांनी वाचलेली आहे. मुक्काम अमुक तारखेपर्यंत, कवळीची मापं तमुक तारखेपर्यंत. कवळीला पाच खेपा लागतात, म्हणून मापाची तारीख आधीच बंद करावी लागते, नाहीतर अर्धवट तोंडं मागं ठेवून जायची पाळी येते. पाटी रुग्णांच्या सोयीसाठी आहे. पण जगात आमचं एकच घर असं असेल की ज्याच्या दारावर आम्ही केव्हा जाणार ते आम्ही यायच्या दिवशीच लिहिलेलं असतं. आणि माणसं ते वाचतात, हो. वाचतात आणि लक्षात ठेवतात. पहिला प्रश्न ‘कुठून आलात’ हा नसतो, ‘किती दिवस आहात’ हा असतो. त्या उत्तरावर ठरतं की तुम्हाला पायरीवर बसवायचं, की ओसरीवर, की आत घ्यायचं.

इथं आलो तेव्हा चार महिन्यांची तारीख होती. चार महिन्यांचं बेतानं चाललं होतं. शाळेत आमच्या मुलीला, मुंगीला, तीन जणींच्या बाकावर कडेला बसवलं. तिला मुंगी का म्हणतात ते आता गावाला माहीत आहे, लहानपणापासून काही ना काही उचलून इकडून तिकडे नेत असते. धावण्याच्या संघात तिचं नाव घेतलं नाही, ती पहिली आली तरी. गुरुजी समजुतीनं म्हणाले, स्पर्धा सहा महिन्यांनी आहे बाळ, तुझी तारीख आधीची आहे. अकरा वर्षांच्या पोरीची तारीख. मी भांडायला गेले नाही. आम्ही पाहुणे, नीट वागायचं, असं डॉक्टरांचं तत्त्व आहे.

पुढं समितीनंच विनंती केली, अजून थोडं राहा. राहिलो. पुन्हा विनंती केलीत, पुन्हा राहिलो. दोन्ही वेळा पाटीवरची तारीख बदलली, आणि दोन्ही वेळा ती मुंगीनं रंगवली. अक्षरांचे पत्र्याचे साचे आहेत आमच्याकडे, त्यातून रंग मारायचा. ते तिचं काम, सहा वर्षांची असल्यापासून. अध्यक्षमहाराज, दुसऱ्या वेळी आपण स्वतः शेजारी उभे राहून ‘छान, छान’ म्हणाला होतात, आठवतंय? म्हणजे तारीख बदलता येते, हे त्या मुलीला शिकवलं कुणी?

मुक्काम लांबला आणि मुंगीला मैत्रीण मिळाली. औषधांच्या दुकानवाल्या ताईंची मुलगी. तिचीही खरी ओळख नावापेक्षा वेणीनं आहे, तेव्हा वेणीच म्हणते. शाळा सुटली की दोघी आमच्या गाडीच्या पायरीवर. अभ्यास तिथं, भांडण तिथं, उवा तिथं. प्लास्टरचा टाकाऊ जबडा घेऊन त्याला बोलायला लावायच्या. एकदा तो जबडा आमच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या आवाजात बोलत होता. बाई, राग मानू नका, हुबेहूब होता.

आणि मला वेणीची आई मिळाली. दुपारी तिचं दुकान दोन तास बंद असतं. ती मागच्या दारानं माझ्या कामाच्या खोलीत यायची. मी कवळ्या घासत असते तेव्हा मोटरचा आवाज असा असतो की शेजारचं ऐकू येत नाही, म्हणून आमची मैत्री ओरडून झाली. सासूची गाऱ्हाणी, नवऱ्याच्या घोरण्याची गाऱ्हाणी, सगळं ओरडून. मोटर मधेच थांबली की आम्ही दोघी एकदम गप्प, आणि बाहेर रांगेतली माणसं खाली बघताहेत. चौथ्या महिन्यात तिनं मला ‘अहो’वरून ‘अगं’ केलं. पंधरा वर्षांत मला अगं म्हणणारी माझ्या आईनंतर ती दुसरी. ताई, तुम्ही चौथ्या रांगेत बसला आहात, मला दिसताय. जाऊ नका. मी तुमची बदनामी करायला उभी नाही.

पाटीवर शेवटची तारीख वीस मार्च लागली. जानेवारी संपता संपता मुंगी शाळेतून आली आणि पायरीवर एकटी बसली. दुसऱ्या दिवशीही एकटी. मी विचारलं, काय गं, भांडलात? म्हणाली, नाही. वर्गात वेणीचं बाक बदललंय. बाईंनी तिला दुसऱ्या मुलीशेजारी बसवलंय. वेणी म्हणाली, आई म्हणते आता सवय करायला हवी.

मी मुख्याध्यापिकाबाईंना भेटले. बाई फार प्रेमानं बोलल्या, चहा पाजला. म्हणाल्या, “अहो वहिनी, आमचा अनुभव आहे. जाणारं मूल एकदम गेलं की मागं राहिलेलं आजारी पडतं. म्हणून आम्ही दोन महिने आधीपासून हळूहळू सोडवतो.” सोडवतो. अंगावरचं दूध सोडवतात तसं. मी विचारलं, आणि जाणाऱ्या मुलाचं काय? तर बाई म्हणाल्या, तिला काय, तिला सवयच आहे.

सवय आहे. हे वाक्य मी एकतीस गावांत ऐकलंय. कुत्र्याला साखळीची सवय असते तशा सुरात ऐकलंय. लोकहो, याची सवय होत नाही. फक्त रडणं आत गिळायची सवय होते, आणि ते बाहेरून बघणाऱ्याला बरं दिसतं.

मग दुकानात गेले. ताई गोळ्यांची पाकिटं लावत होत्या. माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, “माझी पोर हळवी आहे. तुम्ही जाल निघून. पुढचे सहा महिने उशीत तोंड खुपसून ती रडेल, ते कोण निस्तरणार? तुम्ही येणार आहात का? अहो, माझंही समजून घ्या.” अहो म्हणाल्या. इतक्या महिन्यांच्या अगंनंतर. दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आलेला माणूस उभा होता, म्हणून मी ‘बरं’ म्हटलं आणि घशाच्या गोळ्या विकत घेऊन आले. घसा माझा ठणठणीत होता.

मला तेव्हा भांडता आलं नाही, याचं कारण सांगते. तुमच्यावर चिडलेय हे खरं, पण हा शोध तुमचा नाही. माझा आहे. सहा वर्षांपूर्वी एका गावी माझी एक मैत्रीण होती, बसडेपोत तिकीट तपासायची. ड्यूटी संपली की स्वतःचं स्टूल घेऊन गाडीपाशी यायची, कारण आमच्या पायरीनं तिचे गुडघे दुखायचे. निघायला पंधरा दिवस राहिले, तसं मला तिच्यासमोर बसवेना. म्हणून मी तिला सांगितलं, आज काम आहे. उद्याही काम आहे. परवा ती स्टूल घेऊन आली तेव्हा मी आतून दार लावून बसले आणि पडद्याआडून बघत राहिले. ती अर्धा तास बसली. मग स्टूल उचलून गेली. नंतर मी सतरा वेळा फोन केला असेल, तिनं एकदाही घेतला नाही. आणि एवढं होऊन मी शहाणी झाले का? नाही. मी त्याचा नियम केला. निघायच्या पंधरा दिवस आधी मागून आणलेलं परत द्यायचं, नवीन काही मागायचं नाही, कुणाकडे बसायला जायचं नाही. घरात आम्ही याला ‘आवरतं घेणं’ म्हणतो. मुलीला मीच शिकवलं. तुम्ही पंधरा दिवसांचे दोन महिने केलेत, एवढाच फरक.

फक्त माझी मुलगी माझ्यापेक्षा बरी निघाली. तिनं आवरतं घेतलं नाही.

एकवीस फेब्रुवारीला, मापाची तारीख संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी साचे ओतत होते, डॉक्टर दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांकडे गेले होते, आणि मुंगीनं रंगाचा डबा काढला. पाटीवरचा मार्च पुसून तिथं जून केला. मापाच्या तारखेतही फेब्रुवारीचा मे केला. सुबक काम, एक ओघळ नाही.

आपल्या दारावरची पाटी आपण वाचत नाही. नऊ दिवस आम्हाला पत्ता नव्हता. रस्त्यात माणसं थांबून म्हणायची, “राहताय ना अजून? बरं झालं.” मला वाटायचं, तोंडदेखलं बोलताहेत. मीही म्हणायचे, हो हो, आहोत की.

आणि त्या नऊ दिवसांत काय झालं, ते मला या माईकवरून सांगायचंय, बाकी सगळं नाही सांगितलं तरी चालेल. दुसऱ्याच दिवशी वेणी पायरीवर हजर. तिसऱ्या दिवशी दुपारी मागचं दार वाजलं, ताई. डब्यात घरचं काहीतरी घेऊन. मोटर चालू होती. तिच्यावरून ओरडून म्हणाली, “अगं, माझं चुकलं, तू मनावर घेऊ नकोस.” मला इतकं भरून आलं की हातातली कवळी जास्त घासली गेली, ती पुन्हा करावी लागली. शाळेत बाकं पुन्हा पहिल्यासारखी. धावण्याचे गुरुजी मुंगीला म्हणाले, उद्यापासून सरावाला ये. मला वाटलं, माणसं चांगली आहेत, मीच मनात अढी धरून बसले होते.

आमच्यात काय बदललं होतं हो? आम्ही तेच. गाडी तीच. पोर तीच. पत्र्यावरच्या दोन शब्दांचा रंग ओला होता, तेवढ्यानं तुमची दारं उघडली. म्हणजे दारं उघडता येत होती. कुलूप नव्हतं त्यांना. आतून कुणीतरी नुसती पाठ लावून उभं होतं.

दहाव्या दिवशी अध्यक्षमहाराज कवळीचं माप द्यायला आले. मी म्हटलं, मापं बंद झाली. ते म्हणाले, पाटीवर मे आहे. मी म्हटलं, नसेल. आम्ही दोघं बाहेर जाऊन बघतो तर होता. तेव्हा महाराज, आपण जे बोललात त्यात फसवणूक हा शब्द तीनदा होता. आपल्या जागी मी असते तर मीही चिडले असते, कारण तुमच्यासारखे आणखी पाच जण पाटी बघून निवांत राहिले होते, आणि त्यातल्या दोघांना आम्हाला खरंच नाही म्हणावं लागलं. त्या दोघांची मी घरी जाऊन क्षमा मागितली आहे. पुढच्या गावाहून येऊन त्यांची कामं मी करून देणार आहे. ते कागदावर लिहून दिलंय. दात हा खेळ नाही, हे मला शिकवायला नको.

पण दुसऱ्या दिवशी समितीच्या खोलीत कसं वागायचं, ते मला शिकवायला हवं होतं कुणीतरी. लांब टेबल. पलीकडे सहा मोठी माणसं. अलीकडे एक पोर, बुटाच्या टोकावर रंगाचा ठिपका. ‘का केलंस’ असं तिला एकानंही विचारलं नाही. मीही नाही. ‘परत करशील का’ एवढंच विचारलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, आधार म्हणून नाही, दाबायला. मी म्हटलं, माफी माग. खांदा आणखी दाबला. मग ती म्हणाली, “चुकलं. पुन्हा करणार नाही.” बाई म्हणाल्या, शाब्बास. अध्यक्षमहाराज म्हणाले, लहान आहे, सोडून देऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी आणून मी तिच्याच हातात खरवडणी दिली आणि जूनचा पुन्हा मार्च करून घेतला. ओघळ आला या वेळी. अजून आहे, जाताना बघा.

त्या संध्याकाळी ताईंनी वेणीला बजावलं, खोटं वागणाऱ्या मुलीशी खेळायचं नाही. झालं. पोरींना सोडवणं त्यांना जानेवारीपासून जडच जात होतं, त्याला आता कारण मिळालं.

आणि अध्यक्षांची कवळी? ती झाली. तारीख टळल्यावर माप घेतलं, सोळा दिवसांत पाच खेपा बसवल्या, काल दुपारी शेवटची घासून दिली. छान बसली आहे. महाराज, रागावू नका, आपण जबडा आवळलात की वरची सुटते, मी सांगितलं होतं. मला एवढंच म्हणायचंय की अध्यक्षांच्या दातांसाठी पाटीवरची तारीख हलली. सहा जणांच्या समितीनं ती हलवली, कुणी कुणाची माफी मागितली नाही. एका मुलीनं एका मैत्रिणीसाठी हलवली, ती मात्र फसवणूक.

तुम्ही म्हणाल, बाई, मग तुम्हाला सांगितलंय कुणी फिरायला? एका जागी राहा की. बरोबर आहे. निवड आमची आहे, डॉक्टरांची आणि माझी. जिथं दाताचा डॉक्टर नाही तिथं जायचं, हे आम्ही लग्नाआधी ठरवलं, आणि दुखरी दाढ निघाल्यावर माणसाचा चेहरा कसा मोकळा होतो ते बघितलं की मला आजही आमची निवड चुकली असं वाटत नाही. पण मुलीला आम्ही विचारलं नव्हतं. म्हणून तिच्या वाटचं भांडायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही. मी टेबलाच्या तुमच्या बाजूला जाऊन उभी राहिले. आज सगळ्यात जास्त राग मला कुणाचा येतोय, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

मुंगी आज इथं आलेली नाही. सोळा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मीठ दे, दार लाव, एवढंच. मानपत्रात तिचाही उल्लेख आहे, ‘गोड आणि शिस्तप्रिय कन्या’. मी तिला वाचून दाखवलं तर तिनं पांघरूण डोक्यावर घेतलं.

अध्यक्षमहाराज, मला दोन गोष्टी करायच्या आहेत आणि मग मी बसते. पहिली समितीसाठी. चिटणीससाहेब, आपण इतिवृत्त लिहिता, तेव्हा हेही लिहून घ्या. तीन मार्चला समितीच्या खोलीत आमच्या मुलीनं जी माफी मागितली, ती तिची नव्हती, माझी होती, तिच्या तोंडून काढलेली. ती मी आज मागे घेते आहे. दोन रुग्णांची गैरसोय झाली ती आई-वडिलांची जबाबदारी, आम्ही निस्तरतो आहोत. पण मैत्रिणीजवळ आणखी तीन महिने राहावंसं वाटलं, याबद्दल ती कुणाचीही देणेकरी नाही. लिहिलंत? सावकाश लिहा, मी थांबते.

दुसरी गोष्ट, ताई, तुमच्याशी. भरसभेत बोलते म्हणून कानकोंडं होऊ नका, दुकानात तुम्ही माझ्याकडे पाठ करता, इथं करता येत नाही, म्हणून इथं बोलते. उद्या सकाळी दहाला गाडी निघेल. ही तारीख खरी आहे. वेणीला पाठवा. शाळा बुडली तर बुडू द्या, बाई काही म्हणणार नाहीत, बघा, मान हलवताहेत. दोघी रडतील. अगदी गळ्यात पडून, नाक गळेपर्यंत रडतील. रडू द्या. नंतर सहा महिने वेणी उशीत तोंड खुपसून रडली, तर मला फोन करा. रविवारीच असं नाही, केव्हाही. तिकडे माझी रडत असेल, आपण दोघी त्यांना फोनवर एकत्र रडवू. पण चांगल्या मैत्रिणीसाठी रडू येतं, हे त्यांना कळू द्या. आपण दोघींनी त्यांना आतापर्यंत उलटंच शिकवलंय. आणि तू आलीस, तर मीही रडणार आहे. ‘अगं’ म्हण किंवा ‘अहो’ म्हण, मी चहा ठेवते.

डॉक्टर खुणा करायचे थांबलेत. चष्मा पुसताहेत. म्हणजे माझं संपत आलं.

समितीनं हे सभागृह दिलं, खुर्च्या लावणाऱ्यांनी खुर्च्या लावल्या, चौदा महिने या गावानं आम्हाला पाणी, वीज आणि गाडी उभी करायला सावलीची जागा दिली, त्या सगळ्यांचे मी मनापासून आभार मानते. पुष्पगुच्छ गाडीत टिकत नाहीत, तो मी दवाखान्यात ठेवून जाते. ज्यांची कवळी टोचत असेल त्यांनी उद्या नऊपर्यंत यावं, घासून देईन.

बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहिला नसेल, कुणाला लागेल असं काही निघून गेलं असेल, तर मोठ्यांनी मला पदरात घ्यावं. मी चुकते, आणि क्षमा मागायला मला लाज वाटत नाही. माझ्या मुलीला मात्र कुणी माफ करू नका. तिचं काही चुकलेलं नाही.

नमस्कार.